जेवून झालेली बशी

चांदी पुसायच्या भुकटीचा वास नाकात गेला की पहिल्या महिन्यातली ती दुपार आठवते. सातवीतून शाळा सोडून, बेळगावकडचं घर सोडून मी गोव्यात, साखळी गावच्या संग्रहालयात साफसफाईला लागले होते. तिथे एका जुन्या घरातलं जेवणाचं टेबल मांडलेलं आहे. काटे-सुऱ्या पुसून मी बशांच्या दोन्ही बाजूंना लावल्या, दालनाला कुलूप घातलं आणि चहा पिऊन आले, तर एका बशीत काटा आणि सुरी शेजारी-शेजारी जोडून ठेवलेली. नोकरी जाणार म्हणून मी तशीच दाराकडे धावले. “मावशी, चावी माझ्याकडंच हुती ओ,” मी दारावरच्या बाईंना म्हटलं. त्यांनी आत डोकावून पाहिलं. “अगो, जेवाण झाला की काटो-सुरी तशीच ठेवतत. सायबाक मी सांगतंय. तू ती बशी तेवढी धू.” धुतली, तर पाणी तेलकट झालं. नोकरी राहिली, ते उपकार त्यांचेच. आता त्या नाहीत; कुणी सांगत नाही, तरी दुपारी ती बशी मी धुते.