आबांची कुत्री पोचवायला

माझा नवरा रेल्वेत ड्रायव्हर. गावं सगळी त्याने इंजिनातून पाहिलेली, म्हणजे फलाट, सिग्नल आणि पाण्याची टाकी. त्यामुळे रजा मिळाली की रूळ नसलेल्या ठिकाणी जायची त्याला हौस येते. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला, एका दिवाळीनंतर, त्याने सणसवाडीच्या मित्राचा बंद बॉडीचा टेम्पो मागून आणला. तो मित्र कंपनीतल्या कामगारांची बिऱ्हाडं या खोलीतून त्या खोलीत हलवायचा, तेव्हा टेम्पोला संसार नवे नव्हते. आम्ही त्यात लोखंडी कॉट, वातीचा स्टोव्ह, पाण्याचा ड्रम आणि दोन गाद्या टाकल्या आणि दौंडहून सासवड, भोर, पुढे डोंगरात असे निघालो. कॉलनीतले लोक विचारत होते, बदली कुठं झाली?

फिरायची हौस नवऱ्याची, पण जायचं कारण कुत्री होती.

माझे सासरे, म्हणजे आबा, मूळचे कवठे येमाईचे. त्यांचा जन्म मेंढरांमागे गेला. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचा, कोकणात राहायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. मग शिवारात कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, कांदा आला, आणि मेंढरांना तोंड घालायला बांधसुद्धा उरला नाही. थोरल्या दिरांनी मेंढरं विकून टाकली. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आबा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे दौंडला आले ते राहिलेच, आणि त्यांच्यामागोमाग कुत्रीही राहिली. तिला नाव नव्हतं. आबा टाळूला जीभ लावून एक आवाज काढायचे, तेवढ्यावर ती यायची.

रेल्वे कॉलनीत तिने उच्छाद मांडला. चावत नसे, भुंकतही नसे फारशी. ती गोळा करायची. शाळेला निघालेली मुलं पांगली की त्यांना कडेकडेने हाकत एका जागी आणायची. संध्याकाळी फिरायला निघणाऱ्या बायकांचा घोळका तिला पसंत होता, पण त्यातली एखादी चपलेचा पट्टा लावायला मागे थांबली की तिची खैर नसे. मला गंमत वाटायची, शेजारणींना वाटेना. शेवटी असं ठरलं की आबांच्या पुतण्याचा कळप अजून कोकणात जातो, तो वाटेत गाठायचा आणि कुत्री त्याला देऊन यायची.

आबा लगेच कबूल झाले. तेच मला खटकलं.

"नवी जागा, नवी मेंढरं, बिचकंल ती," ते म्हणाले. "मी ऱ्हाईन चार दिस तिच्यासंगं. रुळली म्हंजी येईन यष्टीनं."

चार दिवसांसाठी त्यांनी बांधलेलं गाठोडं मी पाहिलं होतं. दोन्ही धोतरं, घोंगडी आणि हंगामभर पुरेल एवढी तंबाखू. डोळ्यांत घालायचे थेंब मात्र फळीवरच राहिले होते. ते मी गुपचूप माझ्या पिशवीत टाकले. नवऱ्याला म्हटलं, "अहो, आबा परत यायच्या बेतानं निघालेले नाहीत."

"माहिती आहे मला," तो म्हणाला. "राहू दे की. तिथं त्यांचा जीव रमेल."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण गुडघे गेलेला आणि एका डोळ्याने अर्धवट दिसणारा म्हातारा माणूस घाटात कुठे घसरून पडला, तर आपल्याला कधी कळणार? मी मनाशी ठरवलं की त्यांना परत आणायचं. आणि ते तिथेच राहिले तर दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये थोडी ऐसपैस जागा होईल, हेही त्याच वेळी मनात येऊन गेलं. आलं ते आलं, नाकारत नाही.

टेम्पोत आबा आमच्या दोघांच्या मध्ये बसले आणि कुत्री मागे, दाराकडे तोंड करून. कुठे थांबलो की ती उतरून आधी टेम्पोला एक चक्कर मारायची. मग आम्ही कुणी चहाला, कुणी आडोशाला असे पांगलो की तिचा जीव वरखाली व्हायचा. सासवडला मी बांगड्यांच्या दुकानात शिरले, तर ती पायरीवर येऊन अशी काही उभी राहिली की मला रिकाम्या हातांनी बाहेर यावं लागलं. नवरा म्हणाला, ही कुत्री कुणाला देऊच नये.

डोंगरांवरचं गवत पिकून पिवळं झालं होतं. सकाळी बोटं आखडतील इतका गारठा आणि दुपारी टेम्पोचा पत्रा हात लावू देत नव्हता. मी स्टोव्हवर पिठलं टाकायची, भाकरी घरूनच बांधून आणलेल्या. आम्ही दोघं आत झोपायचो. आबा टेम्पोखाली घोंगडी अंथरायचे आणि कुत्री त्यांच्या पायाशी न झोपता लांब, रस्त्याकडे तोंड करून पडायची.

मला वाटलं होतं की ही वाट आयुष्यभर तुडवलेला माणूस आम्हाला गावोगावची माहिती सांगत जाईल. पण भोरमध्ये शिरलो तेव्हा बाजारपेठ, राजवाडा, गाड्यांची गर्दी बघून ते म्हणाले, "येवढं मोठं गाव हाय व्हय हे?"

मग माझ्या लक्षात आलं. मेंढरं घेऊन कुणी बाजारपेठेतून जात नाही. कळप गावाला वळसा घालून, शेतांच्या कडेने, ओढ्याच्या अंगाने निघतो. डोंगरातली ही सगळी गावं आबांना फक्त मागच्या बाजूने ठाऊक होती. पाणी कुठे आहे, कुठला शेतकरी खतासाठी शेतात मेंढरं बसवून घेतो, कुठला दगड मारतो, हे सगळं त्यांना पाठ. राजवाडा मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. नवऱ्याने त्यांना तो दाखवला. आबांनी सभ्यपणे पाहिला आणि विचारलं, "आता मेंढरं कुठवर गेली आसतील?"

ती भोरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला सापडली. चहाच्या टपरीवर विचारलं तर टपरीवाल्याने नुसता हात केला. कापणी झालेल्या भाताच्या खाचरात तळ पडला होता. घोडी, टोपलीखाली झाकलेल्या कोंबड्या, तीन दगडांची चूल. मेंढरं अजून डोंगरावर होती. पुतण्याची बायको डोक्यावर पदर घेत पुढे आली आणि आबांच्या पाया पडली. तिने लगोलग चहा ठेवला. चहा पिता पिता आबांनी आपला बेत तिला सांगितला. चार दिवस राहतो, कुत्री रुळली की जातो.

"ऱ्हावा की आबा," ती म्हणाली. म्हणताना तिने त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं, मी ते पाहिलं, आणि आम्ही दोघींनी नजर दुसरीकडे वळवली.

आबांनी तयारी जय्यत ठेवली होती. कुत्री बिचकली की तिच्यासाठी दुधात कुस्करलेली भाकरी, बांधायला दोरी, तिच्याशेजारी अंथरायला घोंगडी. तळावरची कुत्री धावून आली, थोडी गुरगुर झाली, पुतण्याच्या बायकोने दटावल्यावर थांबली. आमची कुत्री उभीच. मग ऊन उतरलं आणि डोंगरावरून कळप खाली यायला लागला, मागे पुतण्या. बांधाशी एक मेंढी फुटून बाजूला गेली. कुत्री उठली, लांबून वळसा घालून गेली, मेंढीला आत घातलं आणि कळपाच्या पलीकडच्या अंगाला, जिथे कुणीच नव्हतं, तिथे जाऊन बसली. आमच्याकडे तिची पाठ होती.

आबांनी तो टाळूचा आवाज काढला. तिचा कान हलला. ती जागची उठली नाही. त्यांनी पुन्हा आवाज काढला, मग काढला नाही. कळपावर असताना कुणासाठी जागा सोडायची नाही, हे तिला शिकवलं होतं त्यांनीच.

पुतण्या पाया पडून उठला आणि खूश होऊन म्हणाला, "आबा, ही तर आल्या आल्या रुळली. तुमची काळजीच मिटली बगा."

दुधातली भाकरी बराच वेळ तशीच पडून होती. शेवटी तळावरच्या दुसऱ्याच कुत्र्याने खाल्ली.

सकाळी तळ हलला. तिथे कुणालाही काही सांगावं लागत नव्हतं. पुतण्या मेंढरांभोवती रात्री लावलेली जाळी गुंडाळत होता, त्याची लहानगी लेक कोकरं उचलून घोड्यावर ठेवत होती, बायको भांडी बांधत होती. आबा एका घोड्यापाशी गेले आणि ओझ्याची दोरी आवळायला लागले. गाठ बसेना. पुतण्याच्या बायकोने हलकेच ती दोरी त्यांच्या हातातून घेतली. "असू द्या आबा," ती म्हणाली. "तुमी बसा."

ती अगदी मायेने म्हणाली. मीही मायेनेच म्हणत असे. सकाळी त्यांनी बादली उचलली की, भाजी निवडायला घेतली की, कपड्यांच्या घड्या घालायला लागले की, दिवसभर माझं एकच. असू द्या आबा, तुम्ही बसा. त्यांना परत न्यायचं म्हणून मी वाटभर जिवाला घोर लावून घेतला होता, आणि नेऊन काय करणार होते? बसवून ठेवणार होते. मला माझी लाज वाटली.

आबा बांधावर जाऊन बसले. कळप निघाला, मागे घोडी, सगळ्यात मागे कुत्री, एकदा या कडेला, एकदा त्या कडेला. ती वळून बघेल असं मला उगाच वाटत होतं. तिला फुरसत नव्हती. वळणाआड धूळ दिसेनाशी झाली तेव्हा आबांनी घोंगडी झटकली, घडी घातली आणि कुणी काही म्हणायच्या आत टेम्पोत येऊन बसले.

नवऱ्याने गाडी चालू केली. भोर मागे पडलं. मी पिशवीतून थेंबांची बाटली काढली. आबांनी मान मागे टाकली, मी त्यांच्या डोळ्यात थेंब घातले. ते तसेच, डोळे मिटून म्हणाले,

"पोरी, तुझ्या घरात मला काय काम हाय का?"

"आहे ना," मी म्हटलं.

कुठलं, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.