दोनशे बारा पावलं

दरीताईचे डोळे गेलेत हे तीनच माणसांना ठाऊक होतं. एक ती स्वतः, दुसरा परगावचा डॉक्टर आणि तिसरा बसचा ड्रायव्हर. उजेड आणि सावली एवढंच काय ते उरलं होतं. समोर कोण उभं आहे ते ती खोकल्यावरून, चपलांच्या आवाजावरून ओळखायची आणि चुकायची फार क्वचित.

एकोणीस वर्षं ती दर रविवारी मनःशांतीची शिबिरं घेणाऱ्या एका संस्थेच्या बसमधून वीस-बावीस माणसं दरीवर न्यायची. त्याआधी हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायची. तिथून इथे कशी आली विचारलं तर म्हणायची, "तिथे लोकांचं मळकं बाहेरून धुवायचे, इथे आतून."

कार्यक्रम ठरलेला होता. सकाळभर मौन. मग पठारावरच्या दगडी बाकापाशी सगळ्यांनी डोळ्यांवर काळी पट्टी बांधायची आणि गाठी मारलेल्या दोराची एकेक गाठ धरून ताईच्या मागे चालायचं. बाकापासून दोनशे बारा पावलं. तिथे ती थांबायची, "सोडा" म्हणायची. पट्टी सुटली की पुढ्यात एकदम अख्खी दरी. कठडा नाही, काही नाही, कडा तेवढा अजून पंधरा पावलं पुढे. मोठमोठी माणसं लहान पोरासारखी रडायची. एकाला देव दिसला होता. एकाने दुसऱ्याच दिवशी सख्ख्या भावावरची केस मागे घेतली.

ड्रायव्हर दोराचं शेवटचं टोक धरून चालायचा. काही वेगळं दिसलं तर दोनदा हिसका द्यायचा. तेवढ्यावर तीन वर्षं निभावलं होतं.

"ताई, आता सांगून टाक ऑफिसला," तो अधूनमधून म्हणायचा.

"सांगते की. तू आधी तुझ्या गुडघ्यांचं सांग."

"गुडघ्यांनी ब्रेक लागतो माझा. तुझं तसं आहे का?"

ती हसण्यावारी न्यायची. कळलं की काय होणार ते तिला स्वच्छ दिसत होतं. मुलाच्या घरी खिडकीशी खाट, सुनेच्या हातचा वेळेवर चहा आणि आल्यागेल्याला दबक्या आवाजात, "त्यांना दिसत नाही हो." त्या खाटेवर बसायचं नव्हतं म्हणून ती दर रविवारी केस विंचरून बसच्या पहिल्या सीटवर बसायची.

त्या रविवारी पठारावर पोचता पोचता बसचं चाक बसलं.

"ताई, तासभर थांब. मी आल्याशिवाय निघू नको."

"उन्हात बावीस माणसं वाळत घालू? तू चाक बघ. वाट काय पळून चाललीये?"

वाट पळाली नव्हती. बाक सरकला होता. त्याच आठवड्यात वनखात्याच्या माणसांनी तो झाडाच्या सावलीत ओढून नेला होता. अठरा पावलं पुढे, कड्याच्या दिशेने. ड्रायव्हर असता तर त्याला लांबूनच दिसलं असतं. ताईने हाताने बाकाची कड चाचपली, दोर उलगडला, गाठी वाटल्या.

एक निवृत्त हेडमास्तर सकाळपासून कुरकुरत होते. "एवढ्या लांब येऊन डोळे बांधायचे म्हणजे सिनेमाला जाऊन पडद्याकडे पाठ करून बसण्यातलाच प्रकार." ताईने त्यांना ड्रायव्हरच्या जागी शेवटची गाठ दिली. मागे राहिले म्हणजे बडबड कमी ऐकू येईल.

एक, दोन, तीन. दोर नेहमीसारखा हातात जड लागत होता. दोनशे चारला पायाखालचं गवत संपलं. गवत तर शेवटपर्यंत असायला हवं. मोजण्यात चुकले, असं वाटून ती पुढे गेली. पाच. सहा. उघडा खडक. दर वेळी डाव्या गालाला लागणारा वारा आज खालून, हनुवटीखाली येत होता. आठ. चपलेखालून एक खडा निसटला. पडल्याचा आवाज आला नाही.

तिच्या हिशेबाने अजून चार पावलं बाकी होती.

"थांबा," ती म्हणाली. "कुणी पाऊल उचलायचं नाही. आहात तिथे खाली बसा."

सगळे आज्ञाधारकपणे बसले. हाही कार्यक्रमाचाच भाग, असं वाटून काही जणांनी हात जोडले.

पट्ट्या सोडा म्हणावं तर घाबरून कुणीतरी उठणार. स्वतः मागे न्यावं तर कुठल्या बाजूला? डोळे हवे होते आणि ते तिच्यापाशी नव्हते.

"शेवटचे हेडमास्तर, तुम्ही एकट्यानेच पट्टी काढा."

"मौन आहे ना?"

"काढा. मला दिसत नाही."

"इथे कुणालाच दिसत नाहीये, ताई!" तिच्या पाठीमागची बाई खुदकन हसली.

"मला तीन वर्षांपासून दिसत नाही."

खरं मौन तेव्हा पडलं. मग मागून हेडमास्तरांचा श्वास अडकल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ वर्गातला खणखणीत आवाज. "कुणी उभं राहायचं नाही. माझ्या आवाजाकडे बसल्या बसल्या सरका. तुम्ही, ताईंच्या मागच्या बाई, आधी हात मागे टेका. हं. अजून. अजून."

ताई सगळ्यांच्या शेवटी सरकली.

लांब गवतात पट्ट्या सुटल्या. दरीकडे कुणी बघितलंच नाही. एक जण ओकला. मघाशी हसलेल्या बाईने आपण कुठे बसलो होतो ते पाहिलं, ताईजवळ आली आणि तिच्या तोंडात मारली. हात येताना ताईला कळलाच नाही.

ड्रायव्हर ग्रीसचे हात पुसत धावत आला, बाकाकडे पाहून मटकन खाली बसला. सोमवारी त्याला काढून टाकलं. माहीत असून लपवलं म्हणून. ताईला काढायची गरजच पडली नाही. ती रोज त्याला फोन लावते. तो उचलत नाही.

आता ती मुलाकडे असते. खाटेपासून दार अकरा पावलं. परवा नवव्यालाच कपाळ चौकटीवर आपटलं. सुनेने उजेड नीट यावा म्हणून खाट सरकवली होती. सून हळद घेऊन धावली.

"काही हलवलंस तर मला सांगत जा गं," ताई म्हणाली.

एवढंसुद्धा तिने आजवर कुणाकडे मागितलं नव्हतं.