वरून टाकलेला तुकडा

"काका, गुलामाचा पार्ट तुम्ही करा. तुम्हाला काही शिकवावं लागणार नाही," डॉक्टर म्हणाले. सगळे हसले. माझा मुलगापण हसला, जरा उशिरा.

पंच्याऐंशी सालचा हिवाळा. अमेरिकेत मी मुलाकडं राहायचो, ॲन आर्बरला. तिथं डॉक्टरांच्या बेसमेंटमध्ये आम्ही मराठी ख्रिस्ती जमलो होतो. रोममधल्या पहिल्या ख्रिस्ती लोकांचं नाटुकलं बसवायचं होतं. रोमी मालकीण गुलामाला शेजारी बसवते, एक भाकर मोडून दोघं खातात, शिपाई येऊन दोघांना धरून नेतात. मग खरंखुरं प्रीतिभोजन, सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं, आणि त्यात माझ्या बायकोसाठी प्रार्थना. तिला जाऊन वर्ष झालं होतं. मी तेवढ्यासाठीच गेलो. गुलाम तर गुलाम.

ही गोष्ट तिची लाडकी. मी चौथी शिकलेला, मिशनच्या दवाखान्यात फरशा पुसणारा. ती वाचून दाखवायची. नगरकडच्या तिच्या गावात ती लहानपणी ओंजळीत वरून ओतलेलं पाणी प्यायली होती. म्हणायची, "बघा हो, तिथं कुणी वरून टाकत नव्हतं."

मालकीण झाल्या डॉक्टरीणबाई. चादर गुंडाळून बसल्या. तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती, पण 'आम्ही मूळचे ब्राह्मण' हे दर भेटीत सांगायच्या. त्यांनी पाव मोडला. मी हात पुढं केला. त्यांनी आपला हात वर घेतला आणि वीतभर उंचावरून तुकडा माझ्या तळहातावर टाकला.

माझा हात तसाच राहिला.

"बाई, हातात द्या."

"अय्या, सॉरी काका! हाताची सवय हो. मनात काही नाही."

"मग मनाचा झाला असेल. हाताचा बाप्तिस्मा राहिलाय."

आता कुणी हसलं नाही. मुलगा कानाशी आला. "बाबा, प्लीज. इट्स जस्ट अ प्ले. आईची प्रेयर व्हायचीय अजून."

तेच तर. तिचं नाव ह्यांच्या तोंडून निघणार होतं. तेही असंच, वरून.

तुकडा ताटात ठेवला. कोट चढवला.

"काका, एवढ्याशा गोष्टीवरून?" डॉक्टर.

"असल्याच पंगतीपायी रोममध्ये माणसं मेली."

बाहेर बर्फ. बसस्टॉपवर उभा राहून रडलो. तिची प्रार्थना त्या घरात झाली नाही. मी घरी एकट्यानं केली, वेडीवाकडी. दोन वाक्यांत शब्द संपले.

मुलगा म्हणतो, माफ करा. नाही करणार. त्याला सांगून ठेवलंय: ज्यांना माझा जिता हात धरवला नाही, त्यांनी माझ्या पेटीला खांदा द्यायचा नाही.