सुंदरम्माचं तुर्की

कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत सुंदरम्मा येलदीला ओळखत नाही असं घर सापडायचं नाही. वय बावन्न, अंगानं बारीक, चालणं भरभर. घरात तेलुगू, बाजारात मराठी. शेजारच्या घरी बोलताना दख्खनी, आणि माहेरची, अक्कलकोटकडची वहिनी आली की कानडी. या चार भाषा आपल्याला येतात असं तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं काही असतं असं तिला वाटतच नसे. शाळा चौथीपर्यंत, तीही तेलुगू माध्यमाची. मराठी वाचायची ती अक्षराला अक्षर जोडत. लिहायची वेळ आली तर तेलुगूतच.

नवरा यंत्रमागावर होता, तो जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगी काव्या लग्न होऊन पुण्याला. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या आणि लग्नसराईत समाजाच्या कार्यालयात दोनशे पानांचा स्वयंपाक उरकायचा, असा सुंदरम्माचा क्रम होता. पुढं हात दुखायला लागले तसं विड्या कमी करून तिनं डबे सुरू केले. सोलापूर शहरातल्या एका सहल कंपनीच्या कचेरीत तिचे तीन डबे जात. कंपनी लहानच होती. मालक, एक हिशेबनीस, आणि सहलीबरोबर जाणारी दानेश्वरी नावाची अठ्ठावीस वर्षांची मुलगी. परदेशात गेलं तरी आपल्या माणसांना निदान एक वेळ वरण-भात आणि भाकरी मिळाली पाहिजे, हे या कंपनीचं वैशिष्ट्य. त्यासाठी एक आचारी बरोबर जात असे. दोन हजार चोवीसच्या सप्टेंबरातल्या तुर्कस्तानच्या सहलीआधी त्या आचाऱ्याचा पाय मोडला. मालक डबा खाता खाता म्हणाले, "हिलाच न्यायला काय हरकत आहे?"

दानेश्वरीनं निरोप सांगितला तेव्हा सुंदरम्मानं दोनच प्रश्न विचारले. तिथं गॅस असतो का, आणि तिथं कांदा मिळतो का.

सहलीला बावीस माणसं होती. निघण्याआधी कंपनीनं प्रत्येकाला एक कागद दिला, 'प्रवाशांसाठी उपयुक्त तुर्की वाक्ये'. तो कागद दानेश्वरीनंच केला होता. इंटरनेटवरची इंग्रजी यादी पुढं ठेवून तिनं ती देवनागरीत उतरवली होती. तुर्की लोक इंग्रजी अक्षरं वापरत असले तरी त्यांचा उच्चार वेगळा असतो, याची तिला कल्पना नव्हती. त्यामुळे मसुराचं 'मेर्जिमेक' कागदावर 'मर्सिमेक' झालं होतं आणि औषधाच्या दुकानाचं 'एज्जाने' 'एक्झेन'. 'संग्रहालय किती वाजता उघडते?', 'मला खिडकीजवळची जागा हवी आहे', 'हा गालिचा हाताने विणलेला आहे का?' अशी वाक्यं त्यात भरपूर होती.

इस्तंबूलला पहिल्याच दिवशी कागदाची परीक्षा झाली. कोणी काही विचारलं की समोरचा तुर्की माणूस हसून मान हलवायचा आणि इंग्रजीत उत्तर द्यायचा, किंवा द्यायचाच नाही. एक शब्द मात्र सगळ्यांना लगेच पाठ झाला. पाण्याला तुर्कीत 'सू' म्हणतात. हॉटेलात बसून "सू, सू" करायची माणसांना लाज वाटे आणि हसूही येई.

सुंदरम्मानं कागद वाचलाच नाही. ती दानेश्वरीबरोबर बाजारात गेली, भाजीवाल्यापुढं उभी राहिली, आणि आधीचं गिऱ्हाईक काय बोलतं ते ऐकत राहिली. एका बाईनं कांद्याकडं बोट करून म्हटलं, "सोआन वार मं?" भाजीवाला म्हणाला, "वार." दुसरीनं दुसरंच काही विचारलं, तो म्हणाला, "योक." झालं. वार म्हणजे आहे, योक म्हणजे नाही. अर्ध्या तासात तिनं कांदा, मसूर आणि लिंबू घेतलं. कोथिंबीर म्हणून जी जुडी घेतली तिला मात्र वासच नव्हता. दुसऱ्या दिवशी तिनं ती जुडी त्याच भाजीवाल्याच्या नाकापुढं धरून नापसंतीनं मान हलवली. तो हसला. ही माइदानोज, तुला किश्निश पाहिजे, असं त्यानं समजावलं आणि किश्निश योक म्हणून सांगितलं.

"ते मला अबला का म्हणतात गं?" तिनं दानेश्वरीला कानडीत विचारलं. सहलीत दोघी एकमेकींशी कानडीतच बोलत, म्हणजे प्रवाशांना कळत नसे. दानेश्वरीनं मोबाइलवर शोधलं. 'आब्ला' म्हणजे थोरली बहीण. "अक्का म्हणतायत तुला," ती म्हणाली. सुंदरम्माला बरं वाटलं. रोजचे नवे शब्द ती चहाच्या रिकाम्या खोक्याच्या आतल्या बाजूला तेलुगूत लिहून ठेवू लागली. कित्येक शब्द तिला ओळखीचेच वाटत. पनीरला पेयनिर, साबणाला साबून, साखरेला शेकर, सकाळला सबाह. शेजारच्या घरातली दख्खनीच कोणी तोंडात गोळी ठेवून बोलतंय, असं तिनं काव्याला फोनवर सांगितलं.

पाचव्या दिवशी सहल गोरेमे गावी पोचली. तिथं डोंगर पोखरून केलेली घरं आहेत आणि पहाटे आकाशात माणसं घेऊन गरम हवेचे मोठे फुगे उडतात. ते बघायला सगळे अंधारात उठून गेले. परत आल्यावर दानेश्वरी माणसं घेऊन जमिनीखालचं जुनं शहर दाखवायला निघाली. मागं राहिलं फक्त एक जोडपं. नातेपुत्याचे निवृत्त शिक्षक त्रिंबकराव आणि त्यांच्या पत्नी कस्तुराबाई. त्रिंबकरावांचे गुडघे दुखत होते, जिने उतरणं शक्य नव्हतं. सुंदरम्मा पिशवी घेऊन आठवडी बाजाराला निघाली तशा कस्तुराबाई म्हणाल्या, "आमी पन येतो की. हितं बसून काय करायचं?"

कस्तुराबाईंचं सुंदरम्माच्या स्वयंपाकाबद्दल मत चांगलं नव्हतं. आमटी आंबट असते, असं त्या रोज जेवताना म्हणत आणि दुसऱ्यांदा वाढून घेत.

बाजारात टरबुजांच्या ढिगाजवळ त्रिंबकराव थांबले. "कस्तुरा, घंटा झाली का?" असं काहीतरी त्यांनी विचारलं. बायकोला वाटलं, चेष्टा करतायत. मग त्यांनी टरबुजांना उद्देशून, "बसा, बसा खाली," म्हटलं आणि स्वतःच खाली बसले. कपाळावरून घामाच्या धारा. डोळे उघडे, पण नजर कुठंच नाही.

कस्तुराबाई ओरडल्या. माणसं गोळा झाली. दानेश्वरीला फोन लावला तर लागेना. ती जमिनीखाली होती. या दोघींच्या फोनवर इंटरनेट नव्हतं, ते दानेश्वरीच्या फोनवरून घ्यायचं असे. कस्तुराबाईंनी नवऱ्याच्या खिशातून तो वाक्यांचा कागद काढला. वरून खाली, खालून वर बघितला. आजारपणाचं त्यात एकच होतं. "एक्झेन! एक्झेन!" त्या जमलेल्या माणसांना म्हणाल्या. कोणाला काही कळलं नाही.

सुंदरम्मानं त्यांना खांद्याला धरून विचारलं, "सकाळी काय खाल्लं सरांनी?"

"काय न्हाय खाल्लं. फुगे बगायचे म्हनून लवकर सुई घेतली, इन्शुलिनची. मग ते ऑलिव्ह का काय, त्यांना आवडंना. म्हनाले, सुंदरम्माचं जेवण हुईल तवा खाईन."

सुंदरम्माच्या नवऱ्यालाही शेवटची चार वर्षं साखरेचा आजार होता. सुई घेऊन उपाशी राहिलं की काय होतं, हे तिनं घरात पाहिलेलं होतं. ती टरबूजवाल्या बाईकडं वळली. "शेकर! शेकर!" बाईनं शेजारच्या दुकानाकडं बोट केलं. गिऱ्हाईक साखर मागतंय, एवढंच तिला वाटलं. सुंदरम्मानं त्रिंबकरावांकडं बोट केलं, पुन्हा म्हणाली, "शेकर योक!" मग दंडावर सुई टोचल्याची खूण केली. "सबाह." मग तोंडाकडं हात नेऊन, "येमेक योक. येमेक योक!"

सकाळी सुई, जेवण नाही. बाईच्या चेहऱ्यावर एकदम फरक पडला. ती मागं बघून काहीतरी मोठ्यानं ओरडली. कोणी फोन लावला, कोणी द्राक्षांच्या घट्ट काकवीची बरणी आणली. त्रिंबकराव अजून गिळू शकत होते. सुंदरम्मानं त्यांचं डोकं मांडीवर उंच धरलं आणि बोटानं थोडी थोडी काकवी ओठांच्या आत लावत राहिली. रुग्णवाहिकेतून दोन माणसं उतरली. त्यातल्या एकानं विचारलेलं तिला कळलं नाही, पण काय विचारत असेल ते कळलं. तिनं तेच पुन्हा सांगितलं. सबाह, सुईची खूण, येमेक योक. त्या माणसानं लगेच त्रिंबकरावांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेतला, आकडा बघितला आणि हाताला सलाइन जोडलं.

जवळच्या शहरातल्या दवाखान्यात तासाभरानं त्रिंबकराव शुद्धीवर आले आणि त्यांनी पहिली चौकशी चष्म्याची केली. कस्तुराबाईंनी तो पिशवीतून काढून त्यांच्या डोळ्यांवर चढवला. सुंदरम्माच्या बोटांना काकवी लागून वाळली होती. ती धुवायला नळाशी गेली आणि धुऊन झाल्यावरही नळ तसाच वाहता ठेवून उभी राहिली. एका सफाईवालीनं तो बंद केला आणि म्हणाली, "गेच्मिश ओल्सुन."

हे शब्द तिनं सकाळपासून चौथ्यांदा ऐकले होते. टरबूजवाली म्हणाली होती, रुग्णवाहिकेतला माणूस म्हणाला होता, नर्स म्हणाली होती. औषधाचं नाव नसणार. मग काय असेल? समोरच्या बाकावर एक म्हातारी तुर्की बाई तोंडाला रुमाल लावून रडत होती. तिच्याजवळून जाणारी नर्स तिलाही तेच म्हणाली. सुंदरम्माला उमगलं. ती त्या बाईशेजारी जाऊन बसली आणि हळूच म्हणाली, "गेच्मिश ओल्सुन." बाईनं वर पाहिलं. तिचा हात धरला आणि पुष्कळ काही सांगत राहिली. सुंदरम्माला एक अक्षर कळलं नाही. नर्सनं बोलावेपर्यंत ती बसून राहिली.

दुपारी दानेश्वरी धावत आली, तिनं डॉक्टरांशी मोबाइलवरून भाषांतर करत बोलणं केलं. डॉक्टर म्हणाले, काय झालंय हे आमच्या माणसांना आल्या आल्या कळलं, त्यामुळे वेळ गेला नाही. मग दानेश्वरीनं त्या दोन शब्दांचा अर्थ शोधला. जे आलंय ते सरून जावो.

संध्याकाळी जेवताना कस्तुराबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आमटी आंबट आहे असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. सगळ्यांची ताटं उचलल्यावर त्या स्वयंपाकघरात आल्या आणि सुंदरम्मा नको नको म्हणत असताना भांडी विसळू लागल्या.

सोलापूरला परतल्यावर दानेश्वरीनं जुना कागद रद्द केला. डिसेंबरातले तीन रविवार ती कुंभारीला येऊन बसली. सुंदरम्मा विड्या वळत वळत चहाच्या खोक्यावरचं तेलुगू वाचून दाखवी, दानेश्वरी ते देवनागरीत लिही आणि मग मोबाइलवर तुर्की माणसाचा आवाज ऐकून पडताळून बघे.

"गालिच्याचं वाक्य?" दानेश्वरीनं विचारलं.

"काढून टाक."

"संग्रहालयाचं?"

"तुझ्यासंगट जात्यात की सगळे. तूच विचार." थोडा विचार करून ती म्हणाली, "आदी आजारपनाचं घाल. मग पानी, मग जेवन. मग बाकीचं काय ते."

त्रिंबकरावांनी नातेपुत्याहून फोनवर सगळी यादी ऐकून घेतली. शिक्षकी सवयीनं दोन ठिकाणच्या वेलांट्या दुरुस्त करायला लावल्या आणि एक वाक्य पहिल्या क्रमांकावर घालण्याचा आग्रह धरला, 'शेकर हास्तासीयिम', मला साखरेचा आजार आहे. कागद छापून आला. तळाशी कंपनीचं नाव आणि फोन नंबर होता. सुंदरम्माचं नाव घालायचं दानेश्वरीनं मालकांना सुचवलं होतं. ते म्हणाले, असल्या कागदावर कोणाचं नाव नसतं. दानेश्वरी यावर दोन दिवस रागात होती. सुंदरम्माला कळलं तेव्हा ती म्हणाली, "माझं नाव वाचून कुनाला काय पाहिजे ते मिळनार हाय व्हय?"

हा कागद एकाच सहलीला वापरला गेला, पुढच्या एप्रिलच्या. त्यानंतर तुर्कस्तानला जायला लोक तयार होईनात. इथल्या माणसांचं मन त्या देशावरून उडालं होतं, मे महिन्यातल्या लढाईत त्यानं सीमेपलीकडच्या शेजाऱ्याची बाजू घेतल्याचं वर्तमानपत्रांत येत होतं. जूनची सहल रद्द झाली, सप्टेंबरची जाहीरच केली नाही. उरलेल्या प्रती कचेरीतल्या कपाटावर आहेत. सुंदरम्मानं त्याबद्दल हळहळ केली नाही. इस्तंबूलचा भाजीवाला मात्र तिला अधूनमधून आठवतो, कारण एप्रिलात त्यानं तिच्यासाठी कुठून तरी किश्निशची जुडी आणून ठेवली होती.

कंपनीनं मग व्हिएतनामची सहल काढली आणि सुंदरम्मा तिकडं गेली. तिथं तिनं पहिल्याच दिवशी बाजारात उभं राहून कान दिले. दुसऱ्या दिवशी दिले, तिसऱ्याही. ती भाषा चढत्या-उतरत्या सुरांवर चालते. सूर चुकला की अर्थ बदलतो.

"एकच शब्द चार परीनं म्हनत्यात," तिनं काव्याला फोनवर सांगितलं, "आन् मला चारीबी सारखेच ऐकू येत्यात. न्हाय जमायचं मला हे."

उरलेले सहा दिवस तिनं बोटानं दाखवून भाजी घेतली. कोथिंबीर तिथं ढिगानं मिळत होती.