म्हशी बिचकल्या नाहीत
सोलापुरात सात रस्ता चौकातल्या स्पेअरपार्टच्या दुकानापुढून जाताना नव्या रबराचा वास आला, की करकंबची ती दुपार आठवून माझी छाती फुगते. सासऱ्यांनी आम्हाला दिलेली त्यांची जुनी गाडी इतकी खडखडायची, की आम्ही सोलापूर सोडलं की करकंबला सासूबाई चहाचं आधण ठेवायच्या. शेवटी सासऱ्यांनी दम भरला, "पावणं, म्हशी बिचकत्यात की हो! पुढच्या खेपंला आवाज आला, तर गाडी भंगारात घालतो." मग बायकोनं आणि मी सोलापूरच्या घरी अंगणात गाडी जॅकवर चढवून झिजलेले शॉकअप अन् रबरी बुश बदलले. एक गंजका नट असा अडला, की आम्ही दोघं पान्ह्यावर उभे राहिलो तेव्हा आधी सोलापूर हललं, मग नट. पुढच्या खेपेला करकंबचे सगळे खड्डे ओलांडून गाडी मांजराच्या पावलांनी दारात आली. म्हशी रवंथ करत होत्या, सासरे बाजेवर घोरत होते. मी हॉर्न दिला तसे ते दचकून उठले, "आं? तुमी कवा आला?" बायको म्हणाली, "लई वेळ झाला की, आप्पा. भंगारवाला कुटं हाय?" हल्ली गावाअलीकडच्या कॅनॉलवर पोचलो की मीच हॉर्न वाजवतो, नाहीतर चहाचं आधण कोण ठेवणार?