खिल्लारी अंग, रेड्याचं काळीज

माझ्या मामानं मोटार घेतली ती देवदर्शनासाठी. हे ऐकून आज कोणाला नवल वाटणार नाही, हल्ली लोक देवदर्शनाला विमानानं जातात. पण मामाचा देव त्याच्या घरापासून हाक मारली तर ऐकू येईल एवढ्याच अंतरावर होता. आणि मोटार होती विलायती, तांबडीलाल, शर्यतीची, जेमतेम दोन माणसं बसतील अशी.

पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीत तेव्हा ज्वारी कमी आणि कुंपणं जास्त उगवू लागली होती. मामाचं रान रेल्वेच्या बाजूला होतं. कंपनीला ते हवं झालं, तेव्हा भावकीतल्या इतरांनी कुठं अर्धा एकर, कुठं विहिरीभोवतीचा तुकडा मागं ठेवून घेतला. मामानं एक गुंठाही ठेवला नाही. "द्यायचं तर समदं द्यायचं. आर्दं काय, भीक हाय का?" असं तो चावडीवर चारचौघांत म्हणाला आणि त्या एका वाक्याच्या कौतुकावर पुढं सहा महिने जगला.

त्या रानाच्या शिवेवर एका कडुलिंबाखाली म्हसोबा होता. म्हसोबा म्हणजे शेंदूर फासलेला, कधीकाळी नांगराचा फाळ लागून एका बाजूला खाच पडलेला, भोपळ्याएवढा दगड. सुगी झाली की पहिल्या अमावास्येला त्याला नारळ, लिंबू आणि दहीभाताचा निवद जायचा. कागदांवर सह्या करताना मामा त्याच्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. मोजणीला आलेल्या साहेबानं मामाच्या ओसरीवर चहा पिताना सांगितलं होतं, "अहो, देव तुमचाच आहे, केव्हाही या." ज्या माणसानं आपल्या घरी दोन कप चहा घेतला तो खोटं कसं बोलेल, अशी मामाची समजूत. साहेबाची बदली झाली, भिंत आली, फाटक आलं आणि फाटकावर मिशीला पीळ भरलेला, पलटणीतून पेन्शनीत निघालेला एक पहारेकरी आला.

पहिल्या वर्षी मामा डोक्यावर पाटी घेऊन गेला. पहारेकरी म्हणाला, "पास?"

"आमच्या रानात जायाला पास?" मामानं विचारलं.

"लिहून आणा."

अर्ज लिहिला मी. तो मुंबईला गेला म्हणतात. तिथून तो आणखी कुठं गेला ते देव जाणे, आणि देव तर कुंपणाच्या आत. तीन वर्षं निवद चुकला. तिसऱ्या वर्षी मामीनं मामाशी बोलणं टाकलं. अगदीच टाकलं असं नाही, एक वाक्य ती रोज ताट वाढताना बोलायची: "कागदावर सही करताना जीभ कुटं गेली हुती?" त्यानंतर मुकाट्यानं भाकरी वाढायची. मामा जेवायचा पण त्याच्या अंगाला काही लागत नव्हतं. मामीचं तोंड पुन्हा सरळ व्हावं एवढीच त्याची इच्छा होती आणि त्याचा रस्ता त्या फाटकातून जात होता.

मग मामा रोज फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसू लागला. आठवडाभर बघून त्यानं शोध लावला, तो असा: माणसाला पास लागतो, मोटारीला लागत नाही. मोटार दिसली की पहारेकरी बांबू वर करतो आणि सलाम ठोकतो, आत कोण बसलंय हे बघतसुद्धा नाही.

मी म्हणालो, "मामा, मग पुण्याहून एक टॅक्सी करू. तासाभराचं काम."

"देवाला भाड्याच्या गाडीनं जायाचं?" मामा म्हणाला. मला तेव्हाच कळायला हवं होतं की मामाला देवाकडं जायचंय ते खरं, पण जाताना गावानं बघावं हेही तितकंच खरं. बंद मोटार त्याला नकोच होती. "फेटा दिसला पायजे," म्हणाला. छप्पर नसलेली मोटार तेव्हा पंचक्रोशीत एकच होती, खडकीला, एका म्हाताऱ्या पारशी डॉक्टरकडं. एका गोऱ्या कप्तानानं जाताना त्याला विकलेली. म्हाताऱ्याला आता डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, म्हणून ती काढायची होती.

मी त्या वेळी देहूरोडला एका कंत्राटदाराचा ट्रक चालवत होतो. मॅट्रिकला दोनदा बसून दोनदा उठलो होतो, त्यामुळं घरात मोटारींतला तज्ज्ञ मीच. पण मामानं मला तज्ज्ञ मानलं नाही. मला त्यानं फक्त हाकणारा म्हणून नेलं, पारख तो स्वतः करणार होता. चाकणच्या बाजारात तीस वर्षं बैल घेतलेल्या माणसाला मोटार ती काय.

गाडी मात्र बघत राहावी अशी होती. डॉक्टरनं ती पांढऱ्या चादरीखाली झाकून ठेवली होती, आणि चादर काढण्याआधी आम्हाला वहाणा बाहेर काढायला लावल्या. कातडी बैठका, लाकडी स्टिअरिंग, आरशासारखे चकचकीत दिवे. रंगावर नखाचा ओरखडा नाही. मामानं सगळ्या बाजूंनी एक फेरी घातली. खूर दाबावेत तसे टायर दाबले. पुढं वाकून दिव्यांच्या मधली जाळी चाचपली, दात मोजल्यासारखी. मागच्या बाजूला हातानं थोपटलं आणि गाडी शेपटी उडवते का बघावं तसा क्षणभर थांबला. डॉक्टर हे सगळं मोठ्या कौतुकानं बघत होता. त्याला वाटलं, गाडीवर माया करणारा माणूस भेटला.

"एक गोष्ट मी पैलाच सांगते," डॉक्टर म्हणाला. "इंजिन मूळचा नाय हां. मूळचा मेला. हा मिलिट्रीच्या ट्रकचा इंजिन हाय. मी खोटा बोलणार नाय."

इंजिन मावत नव्हतं म्हणून वरच्या झाकणाला फुगवटा ठोकून घेतला होता, तोही इतका सफाईदार की मूळचाच वाटावा. मी चावी फिरवली. त्या नाजूक, देखण्या गाडीतून पिठाच्या गिरणीसारखा आवाज निघाला आणि आवारातल्या कोंबड्या पळाल्या. तो आवाज माझ्या चांगला ओळखीचा होता. माझा ट्रक रोज तसाच ओरडायचा. चढावर तापेल, तेल पिईल, त्या हलक्या सांगाड्याला धक्के देऊन देऊन वर्षभरात खिळखिळा करील, हे सगळं मला त्याच क्षणी कळलं. मी बोललो नाही. तांबडी गाडी चालवायला मिळणार होती, आणि त्या वयात माझ्या अकलेला तेवढं आमिष पुरेसं होतं.

मामाचा हिशेब वेगळाच. बैलबाजारात विकणारा बैलाची खोड कधी सांगत नाही, ती आपण हुडकायची असते. तेव्हा जो आपणहून खोड सांगतो त्याच्या जनावरात दुसरी खोड नसते. शिवाय ही खोड त्याला खोडच वाटली नाही. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अंग खिल्लारी आन् काळीज रेड्याचं. चांगलंच की रं."

मग त्यानं खांद्यावरचं उपरणं काढलं, डॉक्टरचा हात धरला आणि दोघांच्या हातांवर उपरणं टाकलं. चाकणला सौदा असाच होतो, कापडाखाली बोटं दाबून, म्हणजे भोवतीच्या लोकांना भाव कळत नाही. इथं भोवती मी आणि दोन कोंबड्या. मामानं बोटं दाबली. डॉक्टर गंभीर झाला, त्यानं आपली बोटं सरकवून मामाच्या मनगटावर ठेवली, डोळे मिटले आणि थोड्या वेळानं म्हणाला, "नाडी बरी हाय तुमची."

मामानं तो होकार धरला. सौदा पुढं तोंडानंच झाला पण मामा शेवटपर्यंत सांगायचा की पारशाला बैलबाजाराची रीत ठाऊक होती.

दापोडीच्या पुलावरून येताना लोक आधी ट्रक येतोय म्हणून बाजूला व्हायचे आणि मग आमच्याकडं बघून पुन्हा मागं बघायचे, ट्रक कुठं राहिला म्हणून. मामा मात्र फेट्याचा शेमला वाऱ्यावर सोडून रामराम घालत होता. गावात गाडी दोन दिवस नुसती फिरली. मामीनं दारातून एकदा बघितली आणि आत गेली. अमावास्येच्या सकाळी मात्र तिनं न सांगता दहीभात केला, डबा भरला, नारळ आणि लिंबू फडक्यात बांधलं आणि ते गाडीच्या बैठकीवर आणून ठेवलं. मामाचा चेहरा त्या वेळी लग्नातल्यासारखा झाला होता.

फाटकाकडं वळण घेतलं. पहारेकरी पाठमोरा होता. आमचा आवाज त्याच्या कानावर पडला तसा त्यानं वळूनही न बघता हात वर केला आणि मागच्या बाजूला बोट दाखवलं. "माल मागच्या गेटनं."

मी भोंगा वाजवला. तो वळला. समोर तांबडी गाडी, तिच्यात जरीचा फेटा. तो आधी आमच्यामागं बघून आला, रस्ता रिकामा होता. सलामासाठी त्याचा हात अर्धा वर गेला आणि तिथंच अडकला, कारण कान एक सांगत होते आणि डोळे दुसरं. पलटणीतला माणूस, शेवटी त्यानं हुकूम पाळला. "ट्रक मागच्या गेटनं," त्यानं पुन्हा सांगितलं.

मामानं वाऱ्यावरचा शेमला ओढून मांडीवर घेतला. मी गाडी मागं घेतली. भिंतीला वळसा घालून मागच्या फाटकाशी गेलो, तर तिथल्या माणसानं आवाज ऐकूनच बांबू वर केलेला. खोपटातून तोंडही बाहेर न काढता त्यानं विचारलं, "खडी का वाळू?"

"दहीभात," मामा म्हणाला.

"जाऊ द्या," आतून आवाज आला.

अशा रीतीनं आम्ही आत गेलो. ज्या अंगासाठी मामानं गाडी घेतली त्याला कोणी विचारलं नाही, आणि जे इंजिन डॉक्टरनं शरमून दाखवलं त्यानंच फाटक उघडलं.

आत मामा गोंधळला. रान ओळखू येईना. बांध नाहीत, विहीर नाही, कडुलिंब नाही. त्यानं मला गाडी इकडून तिकडं फिरवायला लावली. शेवटी एका हातानं घोरावडेश्वराचा डोंगर धरला, दुसऱ्यानं रेल्वेचा सिग्नल, आणि दोन्हींच्या मधून बघत बघत म्हणाला, "हितं." तिथं पत्र्याची लांबलचक शेड होती. खाली सिमेंट, रांगेनं साहेबांच्या मोटारी. मी रिकाम्या जागी गाडी लावली.

जागेला उतार होता. गाडी हळूच मागं सरकली तसा खाकी सदरा घातलेला एक म्हातारा कामगार धावत आला. "थांबा सायेब, उटी लावतो," म्हणाला आणि त्यानं शेजारच्या मोटारीच्या चाकामागचा एक काळा दगड काढून आमच्या चाकाखाली सरकवला. "ह्यो धोंडा लई गुणाचा हाय. ह्याच्यावाणी गाडी धरणारा दुसरा न्हाई. मोठ्या सायबाच्या गाडीला आमी ह्योच लावतो."

मामा खाली उतरला. वाकून त्यानं दगड पाहिला. तेलानं आणि काळ्या वंगणानं तो माखला होता. मामानं उपरण्यानं एक बाजू पुसली. तिथं फाळ लागून पडलेली ती खाच होती आणि खाचेच्या तळाशी अजून शेंदूर होता.

मला त्या क्षणी मामाचा फार राग आला, त्या चहा पिऊन गेलेल्या साहेबाचा आला, आणि दोन दिवस मजेत स्टिअरिंग फिरवणाऱ्या माझाही आला. मामानं दगड दोन्ही हातांनी उचलला, आपल्या बैठकीवर डब्याशेजारी ठेवला आणि पायातल्या वहाणा काढल्या.

"उटी कुटं नेता?" म्हातारा म्हणाला. "सायबाची गाडी सरकंल की."

"दुसरा धोंडा बघ," मामा म्हणाला.

त्या गाडीत तिसऱ्याला जागा नव्हती. मी पहिल्या गिअरमध्ये, ते रेड्याचं इंजिन आवरत आवरत, माणसाच्या चालीनं गाडी नेली. शेजारून मामा अनवाणी, एक हात दाराच्या कडेवर ठेवून. गावातले लोक उठून उभे राहिले पण कोणी हसलं नाही. काहींनी चपला काढल्या.

मामी दारात आली. तिनं बैठकीवरचा दगड ओळखला. पदर डोक्यावर घेऊन ती खाली वाकली, पाणी आणून तिनं तो धुतला, आणि दहीभाताचा डबा उघडून त्याच्यापुढं ठेवला. मग कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा ती नवऱ्याकडं नीट बघून बोलली. आवाजात राग नव्हता.

"बसवायचा कुटं?" तिनं विचारलं.

म्हसोबा घरात घेत नाहीत, अंगणातही नाही. तो शिवेवरचा देव, त्याला आपल्या रानाची शीव लागते. मामानं घराकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं, कंपनीच्या भिंतीकडं पाहिलं. चावडीवर बोललेलं ते वाक्य त्याला आठवलं असावं, कारण त्याची मान खाली गेली. वीतभर जागा दाखवायला त्याचा हात वर झाला नाही. मामी वाट बघत उभी राहिली.