शकुबाई आणि मे महिन्यातली हिरवळ

जबलपूरच्या नेपियर टाउनातल्या बागवाल्या लोकांबद्दल शकुबाईचं मत फार वाईट होतं, आणि ते तिनं कधी लपवलं नाही. फेब्रुवारीच्या शेवटी हे लोक नर्सरीतून फुलांनी लगडलेल्या पिटुनियाच्या कुंड्या आणत, एप्रिलात त्या वाळल्या की तोंड पाडून विचारत, "शकु, इसको क्या हो गया?" कोणी ऐन मे महिन्यात गुलाब छाटायला सांगे. कोणी भर उन्हात पाईप घेऊन पानांवर पाणी मारी आणि झाडाला थंडावा दिला म्हणून स्वतःवरच खूश होई. नासलेल्या दुधाकडं पाहावं तशी शकुबाई त्यांच्याकडं पाही, आणि एवढंच म्हणे, "मरायचीच होती, मेली."

तरी लोक तिला सोडत नसत. कारण जबलपूरच्या उन्हाळ्यात, जेव्हा आजूबाजूच्या बागा पापडासारख्या कडकडीत होत, तेव्हा शकुबाईच्या हातची बाग जिवंत असे. सदाफुली, झिनिया, दहाच्या उन्हात उमलणारं ऑफिस टाइम, सगळं फुललेलं. त्यासाठी ती काही जादू करत नव्हती. पहाटे साडेपाचला पाणी, तेही मुळाशी. आळ्यात वाळक्या पानांचा वीतभर थर. कुंड्या भिंतीपासून हात-दोन हात लांब. आणि मे महिन्यात कैची खुंटीला.

ती विदर्भातल्या वरुडकडची. बाप संत्र्याच्या बागेत कामाला होता, त्यामुळं कलमाचा डोळा बांधणं, आळी करणं हे तिला चालता येऊ लागलं तेव्हापासूनच येत होतं. अठराव्या वर्षी लग्न होऊन जबलपुरात आली. नवरा विठोबा सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांत माळी होता. हात चांगला, पण मान जन्माची वाकलेली. साहेब काहीही म्हणोत, हा "जी साहब" म्हणे. शकुबाईला त्या 'जी'ची चीड होती. "तुमाले नाही म्हणता येत नाही का हो?" ती विचारे. विठोबा हसे. "म्हनून काय होते? त्यायची बाग हाय."

सात वर्षांपूर्वी मे महिन्यात एका बंगल्यात संध्याकाळची पार्टी होती. मेमसाहेबांना दुपारी एक वाजता दिसलं की मेंदीचं कुंपण सरळ नाही. विठोबा "जी" म्हणाला आणि कैची घेऊन उन्हात उभा राहिला. अर्धं कुंपण कापून झाल्यावर तो तिथंच पडला. इस्पितळात नेईपर्यंत अंग तव्यासारखं तापलेलं होतं, आणि रात्र उलटायच्या आत सगळं संपलं. तिसऱ्या दिवशी बंगल्यावरून ड्रायव्हर आला. सांत्वनाचे दोन शब्द बोलून त्यानं विचारलं, उरलेलं कुंपण कोण कापणार?

शकुबाई त्याच्याबरोबर गेली. नवऱ्याची कैची आणि खुरपं उचललं, अर्ध्या कापलेल्या कुंपणाकडं एकदा पाहिलं आणि परत आली. त्यानंतर तिनं स्वतः माळीकाम धरलं, पण त्या बंगल्याच्या रस्त्यानंही ती कधी गेली नाही. आणि नियम केला: चैत्र संपला की अकरा ते पाच उन्हात जाऊन मातीला हात लावायचा नाही. ज्याला चालत नसेल त्यानं दुसरी माळीण शोधावी.

नेपियर टाउनातल्या भय्यासाहेबांना चालत होतं. हे रिटायर्ड इंजिनियर. यांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत नागपूरहून इकडं आले, हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. शकुबाईनं ते इतक्यांदा ऐकलं होतं की तिच्या मते त्या पूर्वजांनंतर या घरात कोणी काही केलेलंच नव्हतं. भय्यासाहेब भले होते, पण घरात निर्णय घ्यायची वेळ आली की पेपर उघडत. त्यांची बायको मीराताई त्याहून गप्प. तिचं म्हणून त्या बागेत काही असेल तर पाच मोगऱ्याची झुडपं. रोज संध्याकाळी परडीभर कळ्या तोडायची आणि देवासमोर ठेवायची, एवढाच तिचा आवाज.

वीस मेला दोघांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. सून ऋचानं ठरवलं, समारंभ घरच्याच बागेत, हिरव्यागार लॉनवर. मोबाइलवर फोटो पाहून तिनं एक लँडस्केपवाला पकडला. विक्की त्याचं नाव. काळा चष्मा, हातात टॅब, पायात पांढरे बूट. पांढरे बूट घालून बागेचं काम करायला आलेला माणूस शकुबाई पहिल्यांदाच पाहत होती. तिनं ते बूट शांतपणे वरून खालपर्यंत न्याहाळले.

"ये सब हटेगा," विक्की आळ्यांतल्या वाळक्या पानांकडं बोट दाखवून म्हणाला. "कचरा है. यहाँ व्हाइट पेबल्स. इधर छह पाम. बाकी पूरा लॉन, रेडीमेड रोल में आएगा."

"आणि मोगरा?" शकुबाईनं विचारलं.

"मोगऱ्याला पीछे शिफ्ट करू ना, शकुबाई," ऋचा म्हणाली. तिला मराठी कळे, पण बोलताना ती अर्ध्या वाटेत हिंदीत उतरे. "मर थोडे ही जाएगा."

"मरन. मे महिन्यात उपटलेला मोगरा जगत नाही. आन् हे गवत पंधरा दिवसात पिवळं होईन. पांढरे गोटे तापतीन, त्याखाली मुळ्या शिजतीन. भात शिजते तशा."

विक्की हसला. "अम्मा, अब टेक्नॉलॉजी है."

"हाय ना. दिसून राहिली," शकुबाई त्याच्या बुटांकडं पाहत म्हणाली.

भय्यासाहेबांनी पेपर उघडला. मीराताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. शकुबाईला त्या क्षणी विक्कीपेक्षा या दोघांचीच जास्त किळस आली. विक्कीचं निदान पोट तरी या धंद्यावर होतं.

मेच्या पहिल्या आठवड्यात काम निघालं. विक्कीनं सिहोऱ्याकडचे तीन मजूर आणले, स्वतः पडवीत पंख्याखाली बसला आणि भर दुपारी खोदकाम लावलं. लॉनच्या गुंडाळ्या ट्रकमधून उतरल्या होत्या; आजच नाही लावल्या तर सडतील, म्हणे. शकुबाई मागच्या पत्र्याखाली सावलीत बसून उपटलेल्या मोगऱ्याची मुळं ओल्या गोणपाटात बांधत होती. वाचायचे नव्हतेच, पण उघड्यावर फेकलेले तिला पाहवत नव्हते.

अडीचच्या सुमाराला तिला दिसलं की मजुरांपैकी हल्केराम नावाचा चाळिशीतला माणूस कुदळ एकाच जागी आपटतोय. अंगावर घामाचा थेंब नाही. स्वतःशीच काहीतरी बरळतोय. शकुबाईनं सुतळी टाकली. सात वर्षं ती जे रोज डोळ्यांसमोर उभं करत होती, पण जे तिनं प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, ते आता समोर होतं. ती नियम विसरून उन्हात धावली. हल्केराम खाली कोसळला तो तिच्याच अंगावर.

दुसऱ्या दोघांच्या मदतीनं तिनं त्याला आंब्याखाली ओढलं, सदरा फाडला, मोगऱ्यासाठी भिजवलेलं गोणपाट त्याच्या मानेखाली, काखेत, छातीवर टाकलं. "पाणी आणा! आन् गाडी काढा!" ती ओरडली.

ऋचा बाहेर आली. घाबरली होती, पण गाडीकडं पाहून थबकली. "ये तो पूरा मिट्टी में... ऑटो बुलवा लूँ?"

"ऑटो येईतोवर हा माणूस मरून राहिला ना, बाई!" शकुबाई म्हणाली. "सीटा धुता येतीन. मेलेला माणूस धुतल्यानं उठत नाही."

विक्की म्हणाला, "ड्रामा है, इन लोगों का रोज़ का है." तेवढ्यात आतून मीराताई आली. तिच्या हातात पलंगावरची चादर होती. तिनं कोणाला काही न विचारता गाडीचं मागचं दार उघडलं, चादर अंथरली आणि स्वतः आत बसली. "ऋचा, चावी घे," ती म्हणाली. "डोकं माझ्या मांडीवर ठेवा त्याचं."

एवढं बोलताना तिला शकुबाईनं कधी ऐकलं नव्हतं. भय्यासाहेब पायरीवर उभे होते, हातात पेपर तसाच.

हल्केराम वाचला. तीन दिवस सलाइन लागलं, मग भाऊ येऊन त्याला बसनं गावी घेऊन गेला. विक्की इस्पितळात फिरकला नाही. हल्केराम पडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं त्याच्या जागी नवा माणूस आणला आणि लॉन पूर्ण केलं. शकुबाईनं त्या दिवसापासून भय्यासाहेबांचं फाटक ओलांडलं नाही. ऋचाचे चार फोन आले. तिनं उचलले नाहीत. पुढचं तिला शेजारच्या बंगल्यातून दिसत होतं, तिथं ती पहाटे पाणी द्यायला जाई.

बाराव्या दिवशी गवताच्या कडा पिवळ्या पडल्या. चौदाव्या दिवशी मधला भाग गेला. पाम तर झाडूसारखे उभे होते. पांढऱ्या गोट्यांवरून दुपारी अशी झळ उठे की कुत्रंही तिकडून जात नसे. समारंभाच्या आदल्या दिवशी विक्की पाठीवर फवारणीचा पंप लावलेला एक माणूस घेऊन आला. शकुबाईला आधी वाटलं औषध मारतात. मग पाहिलं तर मेलेलं गवत हिरवं होत होतं. रंग! लोक भिंतीला देतात तसा गवताला रंग. कुंपणाला धरून ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. असं हसू तिला वर्षानुवर्षांत आलं नव्हतं, आणि त्यात गोडवा मुळीच नव्हता.

वीस तारखेला संध्याकाळी पाहुणे आले. ऋचानं थंडाव्यासाठी हवेत पाण्याचे बारीक फवारे सोडले होते. अर्ध्या तासात रंग ओला झाला. पैठण्यांचे काठ हिरवे, पांढरे पायजमे घोट्यापर्यंत हिरवे, लहान मुलांचे गुडघे आणि तोंडंही हिरवी. दीक्षितपुऱ्यातून आलेल्या एका आत्याबाईंनी तर उठून सरळ विचारलं, "काहून गं, ही होळी आहे की लग्नाचा वाढदिवस?" विक्कीचा फोन बंद होता. मीराताईच्या केसांत बाजारातला गजरा होता.

चार दिवसांनी भय्यासाहेब ग्वारीघाट रस्त्यावरच्या शकुबाईच्या खोलीवर आले. रिक्षातून उतरून दारात उभे राहिले. ती त्यांना बसा म्हणाली नाही.

"शकुबाई, चूक झाली," ते म्हणाले. "मी बोलायला हवं होतं. तुम्ही या. सगळं तुमच्या पद्धतीनं करा. हवी तेवढी माणसं लावतो."

"माणसं?" शकुबाई म्हणाली. "मे संपला नाही अजून. परत कोनाले उन्हात उभं करता?"

भय्यासाहेब परत रिक्षाकडं वळले.

"मी येईन," शकुबाई म्हणाली. "सकाळी साडेपाचले. पन माणूस एकही लावायचा नाही. ते रंगवलेलं गवत काढायचं, गोटे उचलायचे, आळी करायची, आन् हे सगळं तुमी करायचं. मी सांगीन."

"मी?" भय्यासाहेब शहात्तर वर्षांचे होते. "मला कुठं जमतं?"

"जमत नाही ते मले माहीत हाय. म्हनूनच सांगून राहिली."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला नेपियर टाउनात फिरायला निघालेल्या लोकांनी पाहिलं, भय्यासाहेब बनियनवर उकिडवे बसून मेलेल्या लॉनचा तुकडा खुरप्यानं सोडवत होते. मीराताई टोपलीत गोटे भरत होती. शकुबाई पायरीवर चहा पीत होती.

"असं नाही," ती म्हणाली. "श्रीखंड वाढून राहिले का? खालून घाला."

त्यांनी खालून घातलं. हाताला फोड आला. त्यांनी तो तिला दाखवला. तिनं पाहिला आणि पुढच्या तुकड्याकडं बोट दाखवलं. साडेसातला ऊन कोवळं असतानाच ती उठली. "बस झालं आज. आत जा," म्हणाली, आणि कप विसळायला नळावर गेली.